अटेन्शनचा त्रास असलेल्या मुलाला त्याच्या कलानं घरी शिकवायचं आहे? नागपुरातल्या आईबाबांसाठी सुरुवात कशी करायची

पहिले हे सांगते, हे वाचून उद्या सकाळी शाळेत टीसी मागायला जाऊ नका. आम्हाला ठरवायला आठ महिने लागले आणि त्यातला एकही महिना वाया गेला नाही. माझा मुलगा आता १३ वर्षांचा आहे, चौथीनंतर शाळेत गेला नाही, आणि या तीन वर्षांत कितीतरी आयांनी मला सोसायटीच्या गेटजवळ थांबवून, लग्नात बाजूला नेऊन, एकीनं तर भाजीबाजारात हात धरून विचारलं की तुम्ही नेमकं करता काय आणि आम्ही कुठून सुरू करू. प्रत्येकीला अर्धंमुर्धं सांगून होते, म्हणून एकदाचं बसून सगळं लिहून काढलं.

आम्ही जे करतो त्याला सेल्फ-डायरेक्टेड शिक्षण म्हणतात, ते म्हणजे काय ते दोन ओळीत सांगते. काय शिकायचं, कशातून शिकायचं हे मूल ठरवते, मोठे लोक साधनं, वेळ आणि सोबत देतात. हे काही नवीन फॅड नाही. इंग्लंडची समरहिल शाळा १९२१ ला सुरू झाली, अमेरिकेत सडबरी व्हॅली १९६८ ला, आणि आपल्या इथून दीड-दोन तासांवर सेवाग्रामची गांधीजींची नई तालीम १९३७ च्या वर्धा परिषदेतून उभी राहिली. नई तालीममध्ये सगळं मुलाच्या मर्जीवर नव्हतं, पण हातानं काम करता करता त्यातूनच गणित आणि विज्ञान शिकायचं ही गोष्ट आमच्या घरी जी चालते तिच्या फार जवळची आहे.

आता एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि एका जागी बसवत नाही अशा मुलांना हे का जमते? कारण या मुलांकडे लक्ष नसते असं नाहीच, लक्ष हवं तिथं वळवायचा आणि हवं तेव्हा थांबवायचा जो कंट्रोल असतो तो कच्चा असतो. जो पोरगा वर्गात चार मिनिटं बसत नव्हता तोच घरी कूलरचा पंप उघडून अडीच तास बसला, पाणी प्यायलाही उठला नाही. २००७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं मुलांच्या मेंदूच्या स्कॅनचा एक अभ्यास छापला, त्यात इतर मुलांचा मेंदूचा बाहेरचा थर वाढीचा जो टप्पा साधारण साडेसात वर्षांच्या आसपास गाठतो तो एडीएचडीच्या मुलांमध्ये साडेदहाच्या आसपास दिसला, म्हणजे क्रम तोच, फक्त उशिरा. मला यातून दोन गोष्टी कळल्या. एक, त्याला शेजारच्या बाकावरच्या पोरासोबत मोजणं बंद करायचं. दोन, आणि ही बहुतेक लोक विसरतात, हेच मूल घड्याळ पाहून स्वतःचा दिवस सांभाळेल अशी अपेक्षाही करायची नाही. म्हणून आमच्या घरी नियम असा की विषय त्याचा, दिवसाची चौकट आमची. जिथं जिथं लोकांचं फिसकटलं असं मी पाहिलं तिथं एक तर विषयही आईनं ठरवला होता, नाहीतर चौकटही पोरावर सोडली होती.

संशोधनाबद्दलही खरं ते सांगते. बॉस्टन कॉलेजचे मानसशास्त्रज्ञ पीटर ग्रे यांनी २०१० मध्ये शाळेतून बाहेर पडलेल्या एडीएचडीच्या मुलांचे अनुभव मागवले होते, पालकांनी पाठवलेल्या २८ कहाण्या होत्या, आणि बहुतेकांनी मूल सावरलं असं लिहिलं होतं. वाचून मला खूप धीर आला. पण ज्यांचं बरं झालं तेच लोक हौसेनं लिहितात, त्यामुळे त्याला पुरावा म्हणू नका.

पायरी १: आधी नीट तपासणी

डोळे, कान, झोप हे तीन पहिले तपासा. रात्री घोरणारं, तोंड उघडं ठेवून झोपणारं मूल दिवसभर चिडचिड करते आणि एका जागी बसत नाही, आणि आपण त्याला एडीएचडी समजून बसतो. एडीएचडी कोणत्याही रक्ताच्या रिपोर्टात किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही, डॉक्टर आईबाबांना आणि टीचरला प्रश्न विचारून, फॉर्म भरून घेऊन, मुलाला पाहून ठरवतात. लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून असायला पाहिजे, किमान सहा महिने टिकलेली पाहिजे, आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसली पाहिजे. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. मूल घरी, मामाकडे, मैदानावर, सगळीकडे ठीक आहे आणि फक्त शाळेतच त्रास होऊन राहिला तर मग कोणी त्याला छळते का, माध्यमाची भाषा जड जाते का, फळ्यावरचं दिसत नाही का हे शोधा.

प्रायव्हेटमध्ये सायकॉलॉजिस्टच्या टेस्टचा खर्च बराच होतो. परवडत नसेल तर मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत जा, अख्खा दिवस हाताशी ठेवा, डबा आणि मुलाला खेळायला काहीतरी सोबत न्या. तिथं लर्निंग डिसेबिलिटीची, म्हणजे वाचायला, लिहायला, गणिताला अडचण येते त्याचीही तपासणी मागा, कारण हे दोन्ही त्रास पुष्कळदा सोबत येतात. आणि कागदाच्या दृष्टीनंही त्याची गरज पडते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ अक्षमता आहेत त्यात लर्निंग डिसेबिलिटी आहे, ऑटिझम आहे, पण एडीएचडी वेगळी अशी नाही. पुढे दहावीला जास्तीचा वेळ किंवा लेखनिक पाहिजे असेल तर ते सर्टिफिकेट कामाला येते.

औषध चालू असेल तर शाळा सोडली म्हणून स्वतःच्या मनानं बंद करू नका. आमचं डॉक्टरांनी हळूहळू कमी केलं, माझ्या ओळखीतल्या एका मुलीचं घरून शिकतानाही चालू आहे आणि तिला त्याचा फायदाच आहे.

पायरी २: उन्हाळ्यात ट्रायल घ्या

आपल्या विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे जवळपास दोन महिने मिळतात. त्या दोन महिन्यांत कोणताही समर कॅम्प लावू नका, ट्यूशन लावू नका, आणि काय होते ते पाहा. मूल तुमच्यासोबत दिवसभर राहू शकते का यापेक्षा तुम्ही त्याच्यासोबत राहू शकता का हे जास्त पाहायचं असते. मी ऑफिसचं काम अर्ध्या वेळेवर आणलं, पगार अर्धा झाला, नवऱ्यानं सकाळची पाळी स्वतःकडे घेतली तेव्हा कुठं बसलं. दोघंही सकाळी नऊ ते सात बाहेर असाल आणि घरी फक्त थकलेली आजी असेल तर हे करू नका, हे मी तोंडावर सांगते. आणि ज्या मुलाला शाळेतले मित्र आवडतात, जे सुट्टी संपायची वाट पाहून राहिलं, त्याची शाळा सोडवू नका, त्या शाळेत बदल मागा, पुढच्या बाकावर बसवणं, मधे उठून पाणी आणायला पाठवणं, होमवर्क निम्मं करणं, एवढ्यानंही पुष्कळ फरक पडते.

आमच्या केसमध्ये पोरगा रविवारी संध्याकाळी पोट दुखते म्हणून रडायचा. शाळेत त्याला महिनोन्महिने वर्गाबाहेर उभं केलं हे मला दुसऱ्या मुलाच्या आईकडून कळलं. शाळेचं नाव लिहीत नाही. पण त्या दिवशी घरी येऊन त्याच्याजवळ बसली आणि विचारलं तर म्हणाला, बाहेर बरं वाटते आई, तिथं खिडकीतून झाड दिसते. तेव्हा ठरलं.

पायरी ३: कागद

टीसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला घ्या, त्यावरची जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग आधारसोबत, जन्मदाखल्यासोबत तिथंच उभं राहून जुळवा, नंतर दुरुस्तीला फार चकरा होतात. प्रगतीपुस्तकं सगळी सांभाळून ठेवा.

कायद्याचं लोक खूप विचारतात. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, तो ६ ते १४ वयासाठी आहे आणि मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे असं त्यात लिहिलं आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं बहुविकलांग आणि तीव्र अक्षमता असलेल्या मुलांना घरून शिकायचा हक्क स्पष्ट दिला, बाकीच्यांसाठी होमस्कूलिंगबद्दल त्यात वेगळं काही लिहिलं नाही. देशात अनेक कुटुंबं घरून शिकवतात, पण हे माहीत असूनच निर्णय घ्या आणि मूल काय शिकून राहिलं त्याची नोंद ठेवा, कोणी विचारलं तर दाखवायला काहीतरी हातात पाहिजे.

पायरी ४: काहीच करू नका

हे सगळ्यात कठीण. शाळा सोडल्यावर मुलाला काही काळ पूर्ण मोकळं सोडायचं, घरी शिकवणारे लोक म्हणतात शाळेत जितकी वर्षं गेलं तितके महिने. आमचे पाच महिने गेले. पहिला महिना तो फक्त झोपला, खाल्लं, आणि भांडला. दुसऱ्या महिन्यात सासूबाई रोज विचारायच्या, याचं पुढे काय होईल गं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी रात्री गच्चीवर जाऊन रडायची. तिसऱ्या महिन्यात त्यानं जुना रेडिओ उघडला. या काळात तुम्ही वर्कबुक काढलं की समजा परत पहिल्या दिवसापासून मोजायचं.

याच काळात एक वही करा. रोज चार ओळी, कशात रमला, किती वेळ, कशानं उठला, कशानं भडकला. दोन महिन्यांनी वाचाल तर तुमचं मूल तुम्हाला नव्यानं दिसेल. मला माझ्या वहीत दिसलं की जेवणाच्या अर्धा तास आधी रोज भांडण होते. भूक लागली हे त्याला कळतच नव्हतं. अकरा वाजता शेंगदाण्याचा लाडू द्यायला लागली आणि अर्धी भांडणं संपली.

पायरी ५: दिवसाची चौकट

आता चौकट. वेळापत्रक नाही करायचं, खुंट्या ठोकायच्या. आमच्याकडे पाच खुंट्या आहेत: उठणं, घाम निघेल असं खेळणं, जेवण, दुपारचं शांत काम, झोप. मधल्या वेळात काय करायचं ते त्याचं.

नागपुरात ऋतूप्रमाणे या खुंट्या सरकवा लागतात. एप्रिल-मे मध्ये सहाला घराबाहेर, अंबाझरीच्या बाजूनं सायकल किंवा मैदान, आणि नऊच्या आधी घरात. मग दुपार पूर्ण कूलरसमोर. हिवाळ्यात उलटं, अकरापर्यंत उन्हात गच्चीवर. सकाळचं धावणं चुकलं त्या दिवशी डोक्याचं काम होतच नाही, हे तीन वर्षांच्या वहीत लिहिलेलं आहे माझ्याकडे.

या मुलांना वेळ दिसत नाही, म्हणून वेळ डोळ्यांना दिसेल असा करा. भिंतीवर मोठं काट्यांचं घड्याळ, स्वयंपाकघरातला फिरवायचा टायमर, पांढऱ्या बोर्डवर फक्त आजच्या तीन गोष्टी. तीनच, चौथी लिहिली की तो एकही करत नाही. आणि एक काम सोडून दुसऱ्यावर जायच्या आधी दहा मिनिटं आणि परत दोन मिनिटं आवाज द्या, जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून, दुसऱ्या खोलीतून ओरडून उपयोग नाही.

पायरी ६: आवडीतून विषय निघतात, ओढून काढू नका

कूलरचंच सांगते कारण आपल्याकडे प्रत्येक घरी आहे. मार्चमध्ये ताट्या बदलायला कूलर उघडला, त्यानं पंप मागितला. पहिला नियम प्लग काढून हातात धरायचा आणि मोठा माणूस सोबत पाहिजेच, कूलरचा करंट लागून दर उन्हाळ्यात आपल्याकडे जीव जातात, यात सूट नाही. मग त्याचे प्रश्न सुरू झाले. पाणी ताटीवर पडते तर हवा थंड का होते? रोज किती पाणी लागते? त्यानं बादलीनं मोजलं. पंपाचे वॅट आणि मोटरचे वॅट पाहून तासांनी गुणलं, महावितरणच्या बिलातले युनिट काढले, अपूर्णांक आणि दशांश चिन्ह तिथं कळलं, जे तिसरीपासून चौथीपर्यंत कळलं नव्हतं. मग विचारलं, पावसाळ्यात कूलर नुसतं चिकट का करते? आम्ही दोन थर्मामीटर आणले, एकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं, पंख्यासमोर ठेवले. मे महिन्यात दोघांत वीसच्या आसपास डिग्रीचा फरक, ऑगस्टमध्ये दोन-तीन. त्यानं स्वतः कागदावर आलेख काढला आणि फ्रीजवर लावला, म्हणाला हवेच्या पोटात जागाच नाही ना आता, पाणी जाईल कुठं. बाष्पीभवन आणि आर्द्रता याच्यापेक्षा चांगलं मी समजावू शकली नसती.

यात माझं काम किती होतं? थर्मामीटर आणणं, प्रश्न ऐकणं, आणि चूप राहणं. त्याला उत्साह आला की आपल्याला लगेच धडा शिकवायची घाई होते, बाष्पीभवनाची व्याख्या लिही बरं, आणि तिथंच मूल उठून जाते. दोन वेळा मी ती चूक केली.

पुढे घराजवळच्या मोटर रिवाइंडिंगवाल्या काकांना विचारलं की हा आठवड्यातून दोनदा तासभर बसून पाहील का. काम करायचं नाही, १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवायला कायद्यानं बंदी आहे आणि काकांनाही त्याचा त्रास व्हायला नको, फक्त पाहायचं आणि विचारायचं. असे लोक प्रत्येक मोहल्ल्यात आहेत, टेलर, सुतार, नर्सरीवाले, आणि बहुतेकांना कोणी मनापासून विचारलं तर खूप बरं वाटते. बाकी आपल्या शहरात फिरण्यासारखंही पुष्कळ आहे, रमण सायन्स सेंटर, अजब बंगला, कडबी चौकाजवळचं नॅरो गेजचं रेल्वे म्युझियम, गोरेवाडा. सुट्टीचे वार सोडून सकाळी जा, गर्दी नसते, एकाच वस्तूसमोर मूल पाऊण तास उभं राहिलं तरी मागून कोणी ढकलत नाही.

पायरी ७: न आवडणारं पण लागणारं

पाढे, शुद्धलेखन, वाचन. सगळं आपोआप येते असं म्हणणारेही लोक भेटतील, माझा अनुभव तसा नाही. आम्ही दहा मिनिटांचा टायमर लावतो, दिवसातून दोनदा, आणि त्या वेळात मी त्याच्या बाजूला बसून माझं काम करते, भाजी निवडते किंवा ऑफिसचे मेल करते. शिकवत नाही, फक्त बसते. नुसतं कोणीतरी बाजूला असलं की या मुलांचा हात चालतो, का ते करून पाहिल्यावरच पटते. लिहायला फार त्रास असेल तर आधी बोलून घ्या, मोबाइलवर मराठी व्हॉइस टायपिंग लावा, तो बोलेल ते स्क्रीनवर येईल, मग त्यातल्या चुका त्याला शोधू द्या, दुसऱ्याच्या चुका शोधायला मुलांना फार आवडते आणि इथं तो दुसरा म्हणजे फोन.

मोबाइल

इथं मी मुलाच्या मर्जीवर सोडत नाही. पंधरा-वीस सेकंदांचे व्हिडिओ याच मुलांना सगळ्यात घट्ट पकडतात, कारण दर वेळी नवीन काहीतरी मिळते आणि थांबायचा ब्रेक आधीच कच्चा. आमच्याकडे व्हिडिओ फक्त हॉलमधल्या टीव्हीवर, आधी काय पाहायचं ते सांगून. फोन रात्री आमच्या खोलीत. तो चिडतो, आम्ही ऐकून घेतो, नियम बदलत नाही.

पायरी ८: माणसं

एकटं पडणं हा खरा धोका आहे, त्यामुळे संध्याकाळचं मैदान कधीच चुकवू नका, तिथं शाळेतली पोट्टीच असतात आणि त्यांना कोण कोणत्या शाळेचं याच्याशी काही घेणं नसते. एखादा टीमचा खेळ आणि एखादा वेगवेगळ्या वयाचा ग्रुप, एवढं पाहिजे. नातेवाईक विचारणारच, त्यांच्यासाठी मुलाला एक वाक्य तयार करून द्या. आमचा म्हणतो, मी घरून शिकतो, सध्या मोटर शिकून राहिलो. एवढं म्हटलं की समोरचा मोटरबद्दलच बोलायला लागतो. आणि सासूबाई? त्यांच्या मिक्सरचा आवाज त्यानं ज्या दिवशी बंद करून दिला त्या दिवसापासून त्याच सगळ्यांना सांगून राहिल्या.

पायरी ९: परीक्षा

दहावीचे रस्ते आहेत, घाबरू नका. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, इथं दहावीला वय १४ पूर्ण पाहिजे, पाच विषय लागतात, त्यात किमान एक भाषा. परीक्षा वर्षातून दोनदा होते, प्रवेश पाच वर्षं चालतो, आणि पास झालेला विषय जमा राहतो. आमच्यासारख्या मुलांसाठी हे शेवटचं सोन्यासारखं आहे, एका वेळी दोनच विषयांचा अभ्यास करता येतो. चित्रकला, गृहविज्ञान, डेटा एन्ट्री असे विषयही आहेत, मराठी माध्यमही आहे. गणित घेतलंच पाहिजे असं नाही, पण अकरावीत सायन्सचा विचार असेल तर सोडू नका. त्याआधी तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या लेव्हलही आहेत. दुसरा रस्ता स्टेट बोर्डाचा १७ नंबर फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म, त्यात नेहमीच्या मुलांसोबतच फेब्रुवारी-मार्चची परीक्षा, आणि त्यासाठी ओरिजिनल दाखला लागतो, म्हणून तो लॅमिनेट न करता फाइलमध्ये ठेवा. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही आहे, तिथं पाचवी आणि आठवीही होते. फॉर्मच्या तारखा दरवर्षी बदलतात, त्या त्या बोर्डाच्या वेबसाइटवरच पाहा, कोण्या एजंटला पैसे देऊ नका.

परत जायचं असेल तर

दार बंद होत नाही. शिक्षण हक्क कायद्यात शाळेबाहेरच्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्यायची तरतूद आहे, आणि मागे पडलेलं भरून काढायला वेगळं शिकवायचीही. आम्ही दर मे महिन्यात त्याला एकदा विचारतो, घरी की शाळा, आणि जे म्हणेल ते ऐकतो. दोन वर्षं घरी म्हणाला. यंदा म्हणाला, आठवीत लॅब असते ना, मला लॅब पाहिजे. मग आम्ही तिघं मिळून दोन शाळा पाहून आलो, प्रश्न त्यानंच विचारला, मला वर्गात मागे उभं राहून लिहिता येईल का. एका शाळेत मॅडम म्हणाल्या, येईल, मागच्या भिंतीजवळ उंच टेबल ठेवू. तिथला फॉर्म आणून ठेवला आहे, त्याला अजून आठवडाभर विचार करायचा आहे म्हणे.